खिशातली हिरवी डबी

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका कुणाला "कसा आहेस?" असं विचारत नाहीत, थेट "पोट साफ होतं का?" विचारतात. उत्तर काहीही द्या, खिशातून लसणाच्या अर्काच्या गोळ्यांची हिरवी डबी निघतेच. "घे रे, निसर्ग आहे. साइड इफेक्ट शून्य!" धोतराही निसर्गच आहे, असं मी एकदा म्हणालेलो, तर मला अख्खी डबीच मिळाली.

परवा आम्ही दोघं मानपाड्यात दातांच्या डॉक्टरकडे गेलेलो. मॅडमनी आधी त्यांना विचारलं, "काका, कुठलं औषध चालू आहे?"

"एकही नाही!" काका छाती काढून म्हणाले.

दात निघाला आणि रक्त थांबेचना. बोळे बदलून बदलून मॅडम घामाघूम झाल्या. काकांना त्यांची दया आली. त्यांनी "घ्या" अशी खूण करत डबी पुढे केली.

मॅडमनी लेबल वाचलं. "अहो, याने रक्त पातळ होऊ शकतं! सांगितलं का नाही?"

"औषध कुठाय? झाडपाला आहे," काका बोळ्याआडून पुटपुटले. मी पोट धरून हसलो.

रक्त थांबल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय चालू आहे?"

"फक्त बीपीची गोळी," मी म्हणालो आणि खिशातली हिरवी डबी मुठीत घट्ट धरली.