गिरणी बंद ठेवून दिलेली मुलाखत

"मान खाली! अगं मान खाली घाल की! टक लावून काय बगायलीस, गिळतीस का काय त्येंना?"

आत्ती ओरडत होती. 'त्ये' म्हणजे टेबलावरचा लॅपटॉप, तोही बंद. युरोपातल्या एका विद्यापीठात भाषांचा अभ्यास करायला शिष्यवृत्ती मिळावी म्हणून माझी ऑनलाइन मुलाखत व्हायची होती, आणि तिची ही रंगीत तालीम. परीक्षक माझी सख्खी आत्ती. शिवाजी पेठेत लग्नं जमवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिनं जमवलेली जोडपी एका रांगेत उभी केली तर रंकाळ्याला दोन वेढे बसतील आणि उरलेली भेळ खायला थांबतील. मुलाखत म्हणून तिनं आयुष्यात एकच प्रकार पाहिला होता, तो म्हणजे मुलगी बघायचा कार्यक्रम. परदेशातले लोक बघायला येणार म्हटल्यावर तिनं पदर खोचला.

आमच्याकडं हे सगळं ओरडूनच चालतं. घराखाली पप्पांची पिठाची गिरणी. ती चालू असताना वर भांडी आपोआप सरकतात. आमच्यात गुपितसुद्धा बोंबलून सांगतात. मी जन्मले तेव्हा रडले ते म्हणे कुणाला ऐकूच गेलं नाही, म्हणून मी आणखी जोरात रडले, आणि पुढं तोच आवाज कायम झाला.

माझी पंचाईत वेगळीच होती. पप्पांनी विषय दोन वाक्यांत मिटवला होता. "शिष्यवृत्ती मिळाली तर खुशाल जा. न्हाई मिळाली तर मलकापूर." मलकापूर म्हणजे तिथलं एक स्थळ. मुलगा वाईट नव्हता. नोकरीला होता, चहा बशीत ओतून पीत नव्हता. पण बघायला आला तेव्हा अख्ख्या संध्याकाळीत त्यानं एकच प्रश्न विचारला, "ज्वारी दळायला किती वेळ लागतो?" तोही मला नाही, पप्पांना. आणि हे स्थळ आणलं होतं कुणी? आत्तीनं. म्हणजे मी नापास झाले की जिचं काम फत्ते होणार, तीच माझी तयारी करून घेत होती. एवढा धडधडीत कट तर सिनेमावालेसुद्धा रचत नाहीत.

कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं, डोळ्यांत डोळे घालून बोल, आपण काय काय मिळवलंय ते ठणकावून सांग. आत्तीला ते ऐकून ठसका लागला.

"आपली स्तुती आपल्या तोंडानं? ती शेजारणीनं करायची असती!"

"आत्ती, त्यासाठी शिफारसपत्रं दिलीत की."

"मग झालं. तू गप बसायचं. काय येतं म्हनून विचारलं की म्हनायचं, थोडं थोडं सगळं येतं."

"आणि येत नसलं तर?"

"शिकून घीन म्हनायचं. येत न्हाई म्हनायचं न्हाई. आन् लई येतं असंबी म्हनायचं न्हाई. लई येतं म्हनलीस की घाबरत्यात."

आई दोघींच्या मध्ये पडली नाही. ती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती आणि हसू आलं की नळ सोडत होती.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी पप्पांनी गिरणी बंद ठेवली. आमच्या गल्लीत वीज गेल्याशिवाय गिरणी बंद पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एवढ्या शांततेत पेठेला करमेना. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका परत जायच्या, तर जिन्यावरच बसल्या. खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत डबे आणि बायका, बायका आणि डबे. आत्ती लॅपटॉपच्या मागं, मुलाखत घेणाऱ्यांना दिसणार नाही अशी स्टूल टाकून बसली. मुलगी बघायच्या कार्यक्रमात तिची जागा तीच असते.

पडद्यावर तिघं जण आले. मी "गुड आफ्टरनून" म्हटलं. गिरणीच्या सवयीनं म्हटलं. तिघांनी एकदम कानातली यंत्रं काढली. मधल्या गोऱ्या बाईंनी तर मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

सुरुवातीला मी शहाण्या मुलीसारखी वागले. कोणत्या भाषा येतात? थोड्या थोड्या सगळ्या. जर्मन? शिकून घेईन. पाच वर्षांनी कुठं असाल? हा प्रश्न तालमीत होऊन गेला होता, म्हणून 'इयर्स' ऐकताच आत्तीनं स्टुलावरूनच जमिनीकडं बोट दाखवलं, म्हणजे इथंच. मी म्हटलं, जिथं काम असेल तिथं. आत्तीनं कपाळाला हात लावला.

मग त्या बाईंनी विचारलं, भाषाच का? पाठ केलेलं उत्तर तयार होतं, त्यात 'बहुसांस्कृतिक' हा शब्द तीनदा होता. पण जिन्यावरच्या बायकांपैकी कुणीतरी मोठ्यांदा शिंकलं आणि उत्तर उडालं. मग खरं तेच तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, आमची गिरणी आहे. तिथं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. लहानपणापासून मी गल्ल्यावर बसून बायकांचे ओठ बघत आले. कुठली मराठीत बोलते, कुठली सीमेकडची कन्नडमध्ये, कुठली दोन्ही मिसळून सुनेच्या तक्रारी सांगते, हे मला आवाज नसताना कळतं. सासूविषयी बोलताना ओठ वेगळे हलतात, माहेराविषयी बोलताना वेगळे. ते का, हे मला अजून कळलेलं नाही. ते शिकायचंय.

एवढं बोलून थांबावं की नाही? पण मी कसली थांबते! म्हटलं, पलीकडच्या गल्लीतला माणूस गच्चीवर काय पुटपुटतो तेही मी सांगते.

बाईंनी चष्मा नीट केला, स्वतःचा आवाज बंद केला आणि ओठ हलवले. पडद्यावर सगळं गप्प. जिन्यावरसुद्धा गप्प.

"तुम्ही म्हणालात," मी म्हटलं, "चहा कधी मिळणार?"

ते बरोबर होतं की चूक, मला आजवर माहीत नाही. पण तिघंही असे हसले की त्यातल्या एकाचा कॅमेराच आडवा झाला. मग बाई म्हणाल्या, छान वाटलं बोलून, आम्ही तुम्हाला कळवू.

हे एवढं इंग्रजी मात्र जिन्यावरच्या झाडून सगळ्या बायकांना कळलं. वरपासून खालपर्यंत "अरेरे" असा एकच सूर उतरत गेला. आमच्याकडं 'कळवतो' म्हणून गेलेला माणूस कधी कळवत नाही. पसंत असली तर तिथंच साखर मागतात.

आत्ती स्टुलावरून उठली. "चहाचं कशाला काढलंस? बघाय आलेल्यांनी चहा मागावा आन् पोरीनं नुसतं सांगत बसावं?"

पप्पांनी गिरणी सुरू केली. पुढचे दिवस मला सुतक असल्यासारखे गेले. दळण न्यायला येणारी प्रत्येक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवी आणि कानात ओरडे, "मलकापूर चांगलं गाव हाय. हवा चांगली हाय." एकीनं तर लोणच्याची बरणी आणून दिली, दुःखात तोंडाला चव राहावी म्हणून.

आणि एका सकाळी ई-मेल आला. त्यांनी खरोखरच कळवलं! मी जिन्यावरून ओरडत उतरले. गिरणी चालू होती, त्यामुळं ही बातमी मला पेठेत बहुधा सहा वेळा सांगावी लागली. पप्पांनी माझे ओठ बघितले आणि हात पुसले. अंगभर पीठ असताना माणूस खूश झाला की दुःखी, हे ओळखणं अवघड असतं, पण त्यांनी समोरच्या बाईला दोनदा सुटे पैसे परत दिले.

आत्ती कोपऱ्यात पीठ चाळत बसली होती. गिरणी थांबल्यावर मी तिच्यापाशी गेले. एवढ्या आनंदातही मला एक धाकधूक होती.

"आत्ती, मलकापूरला कोण सांगणार आता?"

"सांगितलंय की, न्हाई म्हनून."

"कधी?"

"तुझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी."

मी तिच्यासमोर पिठातच बसकण मारली.

"अगं आत्ती, आणि मला शिष्यवृत्ती मिळाली नसती म्हणजे?"

तिनं चाळणीतला कोंडा झटकला.

"दुसरं स्थळ बगितलं असतं."