पहिला रामराम कुणाचा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, पण तो अजून डोळ्यांपुढं आहे. आमच्या सांगवीच्या दूध डेअरीत कॉम्प्युटर बसवायला तो बारामतीहून आला होता. स्क्रूड्रायव्हर कानामागं खोचायचा आणि बटण दाबण्याआधी दोन्ही तळहात पँटीला पुसायचा, जेवायला बसल्यासारखा.

असाच एक कॉम्प्युटर त्यानं आदल्या दिवशी शेळगावच्या डेअरीत बसवला होता. टेलिफोनच्या तारेवरून दोन्ही डेअऱ्यांनी एकमेकींना लिहून निरोप द्यायचे, असा बेत. इथला चेअरमन मी, तिथले माझे व्याही. मी आधीच विचारलं, "आमची मशीन त्यांच्या हाताखाली का?"

"न्हाय तात्या. तुमची तुमच्या घरात, त्यांची त्यांच्या. दोघी मालकिणी."

मग ठीक. पण जोडणी तपासायला कुणीतरी आधी लिहायला हवं. मी मुलाचा बाप, पहिला रामराम मुलीकडच्यांनी घालायचा. व्याही वयानं मोठे, तेही हलेनात. दोन्हीकडं पडदे कोरे आणि हा चहावर चहा पीत अडकलेला.

शेवटी म्हणाला, "पहिला लिहील त्याचं नाव दोन्हीकडं वर दिसंल."

"मग घाला माझा रामराम," मी म्हणालो.

लगेच उत्तर आलं. त्यानं वाचलं, "आमीच आधी लिहीत हुतो. तुमी मधी घुसला."

"लिहा, खोटं हाय."

तो पोट धरून हसला. "तात्या, भांडण दोन्हीकडनं पोचतंय, म्हंजी जोडणी पक्की."

तो स्कूटरवरून निघून गेला. व्याह्यांना उत्तरं लिहायला मी आमच्या क्लार्कला मशीनपुढं बसवलं आणि जेवायलाही उठू दिलं नाही.