वासनिककाकांचं एक वाक्य

नेदरलंड्समधल्या आमच्या बेस्ट गावच्या स्टेशनावर फिट्स (सायकल) टेकवली, कुलूप लावायचंही विसरले आणि पळत सुटले! कारणच तसं होतं. रॉटरडॅमजवळच्या कापेल आन डेन आयसेलमध्ये अमेरिकन सिनेमाचं शूटिंग होतं. ऑफिसच्या सीनमधल्या गर्दीत भारतीय चेहरे हवे होते, आणि चिप डिझाइन करणारी मी एक दिवसाची रजा टाकून नटी झाले होते.

रॉटरडॅमला मेट्रो धरली. कापेलला उतरताच वाऱ्याने छत्री उलटी केली. काचेची इमारत अगदी माझ्या ऑफिससारखी, पण आत नुसते दिवे, तारा आणि धावपळ.

दुपारी थंड ब्रोत्ये (पाव) आणि चीज मिळालं. मी आपला डबा उघडला.

"ठेचा आहे का जी?" शेजारून आवाज आला.

बघते तर वासनिककाका! तरुणपणी नागपूरहून अमेरिकेला गेलेले नट. सिनेमात कधी डॉक्टर, कधी टॅक्सीवाले, वाट्याला दोन-तीन वाक्यं. तरी ते दिसले की आमच्या घरी सगळे ओरडायचे, "आला, आपला माणूस आला!"

ठेचा खाता खाता ते म्हणाले, "आज पहिल्यांदाच मराठी वाक्य मिळालंय. आईला फोन करायचा सीन. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. दर वेळी विचारते, दिसलास छान, पण बोललास काय?"

त्यांनी कागद दाखवला. 'माते, मी सुखरूप पोहोचलो आहे.'

"अय्या! काका, आईशी असं कोण बोलतं?"

"मला कळत नाही का? पण तीस वर्षांत लिहून दिलेला एक शब्द बदलला नाही मी. पुन्हा बोलावलंच नाही तर?"

"तुम्ही सांगता की मी जाऊन सांगू?"

हातातला घास ठेवून ते उठले. दिग्दर्शिकेशी बराच वेळ बोलले. परतले ते होकाराचा अंगठा उंचावतच.

कॅमेरा सुरू झाला. मी मागच्या गर्दीत उभी. काका फोनवर म्हणाले, "आई, पोचलो गं. जेवलीस का?"

"हो, जेवले," मी बोलून गेले!

"कट!"

सगळे माझ्याकडे वळले. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. काका मात्र हसत डोळे पुसत होते. "अगं पोरी, इतकी वर्षं मी मुक्या फोनवर बोलतोय. आज पहिल्यांदा पलीकडून उत्तर आलं!"

दुसऱ्या टेकला मी ओठ गच्च मिटले. काका असे बोलले की दिवे सांभाळणारा डच गडीही काम सोडून बघत राहिला.

संध्याकाळी बेस्टला उतरले. सायकल जागेवर होती, नशीब माझं! आपणही इथे दिवसभर दुसऱ्यांच्याच भाषेत नीटनेटकं बोलत असतो, हे गाडीत सारखं मनात येत होतं.

दारातच लेकीला वासनिककाका भेटल्याचं सांगितलं. तिने इंग्रजीत विचारलं, ते हिरो होते का?

"नाही गं," मी म्हटलं. "पण या वेळी काका काय बोलले, ते त्यांच्या आईला कळणार आहे."