पीठ आणि रिपोर्ट

जिचा इतिहास आधी लिहायला घेतला आणि कंपनी मागून आली, अशी कंपनी जगात एकच झाली असेल. तिचे संस्थापक, अध्यक्ष, शास्त्रज्ञ आणि झाडूवाले हे सगळे म्हणजे आमचे थोरले साडू. पुसेगावात सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीला लागून ओसरी होती. तिच्यात एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, आणि बाहेर दारापेक्षा मोठा बोर्ड: 'जीवनविज्ञान व निदान कंपनी, मुख्य कार्यालय'. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. मी नवा जावई, त्यात हिंगोलीच्या शाळेतला मास्तर, म्हणजे शंका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी विचारलं, "दाजी, हे मुख्य, तर बाकीची कार्यालयं कुठं आहेत?" ते म्हणाले, "येऊन राहिलीत." पुढं हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्यांनी रजिस्टरात गंभीर अक्षरात नोंद केली की कंपनीची वाढ बघून सरकारनं जिल्हा दिला.

हे रजिस्टर म्हणजेच कंपनीचा इतिहास. लांबलचक, लाल कापडी पुठ्ठ्याचं. पेशंटच्या दंडाला रबर बांधून सुई टोचताना ते त्यातलं तोंडपाठ म्हणायचे, म्हणजे माणूस दुखणं विसरतो असा त्यांचा शोध होता. शोध खरा होता, पण इतिहासाला लगाम नव्हता. एकदा माझंच रक्त घ्यायला बसले आणि स्थापनेपासून सुरुवात केली. सूक्ष्मदर्शक बैलगाडीतून कसा आला इथपर्यंत पोचले तोवर माझा हात निळा पडला होता. मी म्हणालो, "दाजी, रबर!" तर म्हणाले, "थांबा हो, अजून उद्घाटन व्हायचंय."

त्या ओसरीतलं खरं नवल होतं रक्त फिरवायचं मशीन. रक्ताची नळी त्यात घालून गरगर फिरवली की लाल गाळ खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहतं, आणि त्या पाण्याच्या थेंबावर मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉईडची, परीक्षा होते. शहरात हे विजेवर चालतं. पुसेगावात वीज कधी येईल ते तिचं तिला ठाऊक. पण भिंतीपलीकडं सासऱ्यांच्या गिरणीचं डिझेल इंजिन होतं. साडूंनी भिंतीला भोक पाडलं, गिरणीचा एक पट्टा अलीकडं ओढला आणि मशीनला जोडला. पहिल्या दिवशी नळी सुटली ती थेट पत्र्यातून आरपार आभाळात गेली. पत्र्याचं ते भोक इतिहासात 'संशोधन विभाग' म्हणून नोंदलेलं आहे. तिथून पावसाळाभर गळायचं, पण त्यांनी ते बुजवू दिलं नाही.

आता गिरणी चालायची तर दळण पाहिजे. त्यामुळं रक्त तपासायला येणाऱ्यानं सोबत ज्वारी आणावी, असा कंपनीचा नियम झाला. दोन पायल्या असल्या तर रक्त बराबर फिरायचं, एका पायलीत कच्चं राहायचं. गहू आणला तर सासरे दळण हळू सोडायचे, म्हणून गव्हाच्या पेशंटला रिपोर्ट उशिरा. एकादशीला गावात कुणी दळत नसे, तेव्हा एकादशीला आजारी पडायची सोयच नव्हती. घरात कुणाचं अंग तापलं की बाया आधी कपाळाला हात लावत आणि मग ज्वारी निवडायला बसत. पीठ आणि रिपोर्ट एकदमच मिळायचे, दोन्ही गरम. सासरे, त्यांना आम्ही दोघेही मामा म्हणायचो, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "इंजिन सासऱ्याचं, डिझेल सासऱ्याचं, आन् कंपनी जावयाची. बसा, दळून देतो तुमचं रक्त."

कंपनीला पशुधन विभागही होता. साखऱ्याची एक धनगर म्हातारी एकदा शेळी घेऊन आली. म्हणाली, "दादा, ही गाभण हाय का न्हाई तेवढं सांग." साडूंनी शेळीला आपादमस्तक न्याहाळलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "रिपोर्टला पाच महिने लागतील, आजी." पाच महिन्यांनी शेळीला दोन पिलं झाली. साडू सायकल हाणत साखऱ्याला गेले, पिलं मोजली आणि लेखी रिपोर्ट दिला: 'पॉझिटिव्ह, दोनदा'. म्हातारी अख्ख्या बाजारात सांगत सुटली, "पोराचं निदान लई पक्कं! त्यानं म्हणलं तसंच निघालं."

हसून हसून पोट दुखावं असा हा कारभार. पण त्या रजिस्टराचं पहिलं पान उघडलं की माझं हसू मावळायचं. त्या पानावर इतिहास नव्हता, एक पिवळा पडलेला रिपोर्ट चिकटवलेला होता. साडूंचं मूळ गाव साखरा. तिथं त्यांची आई तापानं पडली, रक्त परभणीला पाठवलं, आणि रिपोर्ट टपालानं आला तो तेराव्याला, पंगत बसलेली असताना. टायफॉईड. गोळ्यांनी उतरणारा ताप. हातात बुंदीचं ताट तसंच धरून त्यांनी तो कागद वाचला म्हणे. मग औरंगाबादला जाऊन रक्त तपासायचं शिकले आणि सासरवाडीच्या ओसरीत बोर्ड लावला. त्यांच्या कंपनीचं ध्येय एका ओळीचं होतं: माणूस जायच्या आधी रिपोर्ट आला पाहिजे.

पुढं घराघरात घरघंट्या आल्या. वीज असेल तेव्हा बाया घरीच दळू लागल्या आणि गिरणीवर चिटपाखरू येईना. मशीन गिरणीच्या पट्ट्यावरचं, आणि येऊनजाऊन असणाऱ्या विजेच्या भरवशावर ते ठेवायला साडू तयार नव्हते. दळण नाही तर इंजिन नाही, इंजिन नाही तर कंपनी नाही. साडू ओसरीत बसून मशीन नुसतं पुसत राहायचे. एक दिवस मामा स्वतःच घरातून दोन पायल्या ज्वारी डोक्यावर घेऊन आले आणि इंजिनाला हँडल मारलं. म्हणाले, "घरचं पीठ संपलं." पीठ रोजच संपू लागलं. कुणाचं रक्त आलं की मामांच्या घरचं पीठ हमखास संपायचं. सासूबाईंनी पिठाला तीन पिंपं केली, तरी पुरेनात. आम्ही सासरी गेलो की येताना पिठाची गोणी सक्तीची होती. माझी बायको म्हणायची, "अहो, बाबांना कुणीतरी सांगा हो." कोण सांगणार? मामा हे कबूल थोडंच करणार होते!

अशात शहरातल्या एका मोठ्या कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. म्हणाला, तुम्ही फक्त रक्त गोळा करा, नमुने आमच्याकडे जातील, चार दिवसांत छापील रिपोर्ट. बोर्ड तेवढा आमचा लावायचा. साडूंनी एकच विचारलं, "चार दिवस काहून?" तो म्हणाला, "सर, आमचं मशीन मोठं आहे." नमुन्याची पेटी ठेवून तो गेला. साडू दोन दिवस बोर्डाकडं बघत बसले. मला म्हणाले, "सर, मामांची ज्वारी तरी किती दिवस दळायची?"

आणि तिसऱ्या दिवशी मामांनाच ताप भरला. अंथरूण धरलं ते उठेनात. मी धावत गेलो आणि, खोटं कशाला बोलू, मीच म्हणालो, "दाजी, आता गंमत नको. मोठ्या कंपनीकडं पाठवा." त्यांना राग आला नाही. त्यांनी दोन नळ्या भरल्या, एक त्या पेटीत घालून शहराकडं पाठवली, दुसरी मुठीत धरली. त्या दिवशी सुई टोचताना त्यांच्या तोंडातून इतिहासाचं अक्षर निघालं नाही. मामाच पडल्या पडल्या म्हणाले, "सांगा की जावई, बैलगाडी कुठवर आली?" साडूंनी तोंड फिरवलं.

इंजिनाला हँडल मारायला मी. जन्मात खडूपेक्षा जड काही फिरवलं नव्हतं, पण मारलं. इंजिन धडधडलं, पट्टा फिरला, मशीन गरगरलं, तोच अंगणातल्या बाजेवरून मामांची आरोळी आली, "आरं, ज्वारी टाका आधी! रिकामी गिरणी फिरवून दगड झिजवून राहिले का माझे!" अंगात एवढा ताप, पण गिरणीचा आवाज बराबर कळत होता. मी पळत जाऊन ज्वारी ओतली. तासाभरात साडूंनी काचेवरचा थेंब माझ्यासमोर धरला. दूध फाटावं तसा तो फाटला होता. टायफॉईड. सेनगावच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं.

छापील रिपोर्ट नवव्या दिवशी आला, सोबत रिकामी पेटी. मामा तेव्हा बाजेवर बसून मऊ भाताला नावं ठेवत होते. साडूंनी तो कागद दोनदा वाचला. तेच निदान. मग त्यांनी रजिस्टर काढलं, पहिलं पान उघडलं, आणि आईच्या पिवळ्या कागदाशेजारी हा पांढरा चिकटवला. मला म्हणाले, "हा बी उशिराच आला, सर. पण ह्याच्या टायमाला माणूस घरी होतं." एवढं बोलून ते डोळे पुसत ओसरीत गेले आणि त्या माणसाची पेटी परत द्यायला बांधून ठेवली. बोर्ड होता तिथंच राहिला.

त्यानंतर दर रविवारी मी हिंगोलीहून एसटीनं दोन पायल्या ज्वारी घेऊन पुसेगावला जायचो. घरी घरघंटी असताना. कंडक्टर एकदा म्हणाला, "सर, पुसेगावात ज्वारी मिळत न्हाई का?" मी म्हणालो, "मिळते हो. रक्त फिरवायला नेतोय." त्यानं तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या सीटकडं सरकला.

आता मामा नाहीत. इंजिन भंगारात गेलं, साडूही थकले, औरंगाबादला लेकीकडं असतात. माझे रिपोर्ट मोबाईलवर येतात, वेळेवर येतात. तरी पुसेगावला जायचं म्हटलं की मी अजून ज्वारीची पिशवी भरतो, आणि फाट्यावर उतरल्यावर आठवतं की आता दळायचं कुठं.