यागोदाशी बोलण्याआधी

विटोल्ड बानाश कोणाशीही बोलण्याआधी वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून बघायचा. बेकरीच्या रांगेत त्याचे ओठ हलताना दिसत आणि नंबर आला की तेच वाक्य बाहेर पडे: "एक राईचा पाव, कापून." मला ही सवय चांगलीच ओळखीची होती. पोलंडमधल्या आमच्या तार्नूव्हच्या नाट्यगृहात विंगेत उभी असलेली निम्मी मंडळी असंच करत. फरक इतकाच की आमचा पडदा रोज संध्याकाळी उघडायचा. विटोल्डचा कधी उघडायचाच नाही.

नोकरी पाण्याचे मीटर वाचायची. एकतीस वर्षं तो गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात जाऊन आला, आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलून आला. बाकीचं बोलणं त्याची बायको इर्मिना करायची. फोन ती घ्यायची, जिन्यातल्या बायकांशी ती भांडायची, लेक यागोदा रुसली तर समजूत तीच काढायची. इर्मिना गेली तेव्हा त्या घरातून तिघांचेही आवाज गेले.

यागोदा तेव्हा नॉर्वेत मासे साफ करायच्या कारखान्यात होती. आईच्या शेवटच्या आठवड्यात तिला सुट्टी मिळाली नाही. ती पोचली ती थेट दफनाला. शवपेटीच्या एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक. मी त्या दोघांकडे बघत होतो. संवाद विसरलेले दोन नट मी पुष्कळ पाहिलेत, पण त्यांना निदान हे माहीत असतं की संवाद होते.

परत जाताना तिनं आपला जुना कॉम्प्युटर बापाच्या टेबलावर मांडून दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. म्हणाली, "यातली माणसं तुझी वाट बघतात, बाबा. घाई करत नाहीत. यांच्याशी तरी बोल."

मी त्याच्या वरच्या मजल्यावर राहायचो. एका दुपारी त्यानं मला खेळ दाखवायला बोलावलं. पडद्यावर एक राज्य पसरलं होतं, जंगलं, पडके किल्ले, खाली गढूळ नदी. विटोल्ड त्यात फिरता वैद्य होता. गावोगावी माणसं भेटत. लोहार, विधवा, शापित सरदार. ती काही बोलली की खाली तीन-चार उत्तरं उमटायची, त्यातलं एक निवडायचं.

"थांबा, आधी सेव्ह करतो," विटोल्ड म्हणाला आणि त्यानं एक कळ दाबली. मग त्या विधवेला सगळ्यात दुष्ट उत्तर दिलं. बाई रडत दार लावून घरात गेली.

"अहो, काय हे. काय बिघडवलं होतं तिनं तुमचं?"

"आधी वाईटात वाईट बोलून बघायचं, लेओन. म्हणजे कळतं काय बोलायचं नाही ते." त्यानं दुसरी कळ दाबली. खेळ सेव्ह केलेल्या जागी मागे गेला. बाई पुन्हा दारात उभी, डोळे कोरडे. आता त्यानं मऊ उत्तर दिलं, आणि तिनं त्याला आत बोलावून गरम सूप दिलं.

सहा वर्षं त्यानं असे खेळ खेळले. मी ते वाईट म्हणणार नाही. कुठल्याशा लेखकानं त्या विधवेसाठी जीव ओतला होता, संगीत तर असं की मी चहा विसरायचो. तिथं विटोल्ड शूर होता, हजरजबाबी होता, बायका त्याला बघून हसत. पण लोहाराशी अकराव्यांदा बोललं की तो पहिलंच वाक्य म्हणायचा. ती सगळी माणसं फक्त विटोल्डसाठी उभी होती. तो पाठ फिरवायचा तेव्हा त्यांना भूकही लागत नव्हती. तालमीसारखंच ते. तालीम गोड असते, कारण तिथं कोणी दुखावून घरी जात नाही.

मग यागोदानं त्याला ऑनलाइन खेळात ओढलं. तसलंच राज्य, पण त्यात हजारो खरी माणसं, आपापल्या घरी बसलेली. दर रविवारी चर्च आणि शेवयांचा रस्सा आटोपला की चार वाजता बापलेक तिथं एका दगडी पुलावर भेटत. ती ढाल घेऊन पुढं, तो मागून जखमा भरून काढायचा.

सुरुवातीला त्याचा जीव मेटाकुटीला आला. एका कमरपट्ट्यासाठी चाळीस रानडुकरं मारायची, आणि ती मारेपर्यंत लोक ओरडायचे. तिच्या टोळीतला एक लिथुआनियन ट्रकवाला मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये म्हणायचा, "आजोबा, मी मेलो. तुमचा काढा उकळला की सांगा."

"उकळतोय," विटोल्ड म्हणायचा. "तोवर पडून राहा, ढोंगी कुठला."

मी खुर्चीत दचकलो. हे वाक्य त्यानं ओठांत म्हणून बघितलं नव्हतं.

त्या दोन वर्षांत त्याला लेकीबद्दल जितकं कळलं तितकं आधीच्या तीस वर्षांत कळलं नव्हतं. तिची पाठ दुखते, ती एकाग्र झाली की आईसारखी गुणगुणते, घाबरली की जास्त विनोद करते. समोरासमोर बसवलं असतं तर दोघं ताटाकडे बघत राहिले असते. डुकरं मारता मारता बोलणं जमायचं.

ऑक्टोबरच्या एका रविवारी मी खसखशीचा केक घेऊन त्याच्याकडे बसलो होतो. तिचा आवाज स्पीकरमधून खोलीभर येत होता.

"बाबा, ऐक ना. पहिल्या नोव्हेंबरला यंदाही नाही जमणार. कारखान्यातली पाळी बदलून मिळत नाहीये."

आमच्याकडे त्या दिवशी सगळा देश आपापल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावत असतो. न येणाऱ्याचं नाव लोक बोलून दाखवत नाहीत, पण प्रत्येकाच्या लक्षात राहतं.

विटोल्ड शांतपणे म्हणाला, "मरताना आली नाहीस, आता दिव्याला कशाला येशील? तुझ्या आईला सवय आहे."

आणि त्याचं बोट कीबोर्डवर गेलं, विधवेला पुन्हा दारात आणणाऱ्या त्याच कळीवर. मी ते पाहिलं. एकदा दाबली, पुन्हा दाबली. पडद्यावर पूल तसाच, पाणी वाहतंय, ढालवाली तशीच उभी. स्पीकरमधून श्वास ऐकू येत होता. मग तोही थांबला आणि ढालवाली पुलावरून नाहीशी झाली.

"मी..." विटोल्ड माझ्याकडे वळला. "मी नुसतं बोलून बघितलं, लेओन."

पुढच्या रविवारी तो पुलावर एकटा उभा होता. यादीत तिचं नाव करडं झालेलं, म्हणजे ती खेळात आलीच नव्हती. ट्रकवाल्यानं विचारलं, "आजोबा, ढाल कुठाय?" विटोल्डनं कॉम्प्युटर बंद केला.

"फोन करा तिला," मी म्हटलं.

"काय बोलू?"

मग तो रोज दुपारी माझ्याकडे यायला लागला. मी यागोदा व्हायचं, त्यानं माफी मागायची. सत्तराव्या वर्षी मला पुन्हा भूमिका मिळाली होती, आणि मी ती मन लावून केली, हे कबूल करतो. कधी रागावलेली लेक, कधी रडणारी. तो मध्येच हात वर करायचा: "नाही, पुन्हा पहिल्यापासून."

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "आता एकदा माफ न करणारी करा. बघू या काय होतं."

मी खुर्चीतून उठलो. "विटोल्ड, मी यागोदा नाही. तुम्ही शंभर वेळा केलंत तरी मी तीच लेक आहे, जी तुम्हाला हवी आहे. तुमची लेक तिकडे मासे कापतेय आणि तिला यातलं एक अक्षर ऐकू गेलेलं नाही."

तो टोपी घेऊन खाली गेला. त्याच संध्याकाळी त्यानं फोन केला. मी जिन्यात होतो, दार उघडं होतं. त्याचं पाठ केलेलं भाषण सुरूही झालं नाही, कारण तिनंच आधी विचारलं. काय विचारलं ते त्यानं मला नंतर सांगितलं: "ते तू खरं बोललास, का उगीच?"

याची तालीम आम्ही केली नव्हती. "उगीच" म्हणाला असता तर कदाचित भागलं असतं.

"खरं," तो म्हणाला. "त्या क्षणी खरंच होतं, यागोदा. आता नाही."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पहिल्या नोव्हेंबरला आम्ही दोघं दफनभूमीत गेलो. त्यानं इर्मिनाच्या थडग्याचा संगमरवर पुसला, शेवंतीची कुंडी ठेवली, दिवे लावले. गर्दी एवढी की लोक कडेकडेनं चालत होते. तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा असा उजळला की मला मान फिरवावी लागली.

"यागोदा? मी ना, तुला..."

"बाबा, तू आईपाशी आहेस?"

"हो. हो, इथंच."

"मग फोन दगडावर ठेव. आणि तू जरा लांब जा."

त्यानं फोन दिव्यांच्या मधोमध ठेवला, हळूच, जणू झोपलेलं कोणी खाली ठेवतोय. आम्ही वाटेपलीकडे बर्चच्या झाडाखाली जाऊन उभे राहिलो. तिथून काही ऐकू येत नव्हतं. विटोल्डचे ओठ हलत होते. तिचं आईशी बोलून झाल्यावर आपण तिला काय म्हणायचं ते तो घोकत होता.

वीसेक मिनिटांनी आम्ही थडग्यापाशी परत गेलो. त्यानं फोन उचलून कानाला लावला. "यागोदा?"

फोन केव्हाच बंद झाला होता. मागच्या बाजूला मेण लागलं होतं. ते त्यानं नखानं खरवडलं, फोन कोटात ठेवला आणि आम्ही बसच्या थांब्याकडे निघालो. लेक आईशी काय बोलली, ते त्याला कळलं नाही. पुढं ती ईस्टरला आणि नाताळला फोन करायची, हवामानाचं विचारायची. पण त्या दिवशीचं विचारायचं धाडस त्यानं केलं नाही, आणि तिनं आपणहून कधी सांगितलं नाही.