पाचशेव्या गोलपायी माझी बस गेली

मंडळी, मी इथे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात अडकलोय.

बाबांचे मित्र सुधीरकाका, त्यांच्याकडे राहतोय. उद्या सकाळी शिकागोत एका किचनमध्ये नवी नोकरी सुरू होणार, म्हणून आज दुपारची बस होती. काका स्टॉपवर सोडणार होते.

टीव्हीवर आइस हॉकी चालू होती. काकांच्या लाडक्या प्लेअरला करिअरच्या पाचशे गोलना दोन कमी. मी चार्जर शोधायला सोफ्यामागे कार्पेटवर बसलो (कार्पेट भलतंच मऊ आहे, असो) आणि त्याने एक मारला!

"तिथून हलायचं नाही!" काका ओरडले. "आमच्याकडे सेंच्युरी होईपर्यंत कुणी जागा सोडत नसे."

"काका, बस सुटेल."

"बस रोज असते. पाचशेवा रोज होतो का?"

काकू म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या की त्याला."

"मग तू बस तिथे."

"माझे गुडघे बघा आधी."

मॅच संपली. पाचशेवा गोल झाला नाही, बसही गेली.

खरं सांगू? दार उघडंच होतं. पण मी उठलो आणि हुकला तर, असं मलाच वाटायला लागलं होतं.

पुढची मॅच गुरुवारी आहे. आज कुणी शिकागोला ड्राइव्ह करतंय का यार? इथे राहिलो तर मी परत सोफ्यामागे बसणार.