पितळी चक्राचं कुंकू

धुळ्याच्या संग्रहालयातली ताऱ्यांचा वेध घ्यायची जुनी यंत्रं दुरुस्त करायला आम्ही वर्गणी काढत होतो. साक्रीच्या बाजारात त्यातलंच एक पितळी चक्र मांडून बोलून बोलून माझा घसा कोरडा पडला, पण कुणी थांबेना. शेजारी मिरच्या विकणारी बाई प्रत्येकाला मापावर मूठभर जास्त घालत हसत होती. जरा उसंत मिळताच ती उठली, पदराला हात पुसले, कनवटीची डबी काढून चक्राला कुंकू लावलं, पाच पैसे ठेवून हात जोडले. मग पाया पडून पैसे ठेवणाऱ्यांची रांगच लागली.

"अक्का, हा देव नाही. याने ताऱ्यांची जागा मोजतात," मी तिला म्हणालो.

"मंग तारा कोना शेतस, भाऊ?"

तारे कुणाचे म्हणे! मला हसूच आलं. त्या पैशांतून दुरुस्त झालेलं चक्र आता लखलखतंय. एका खाचेतलं कुंकू तेवढं मी कारागिराला पुसू दिलं नाही.